पन्नास पैशाचा भाव: वॉरियर्स, कॅव्हलियर्स आणि माझ्या मावसभावाचे ६५ हजार

आधी माणूस कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. कॉलेजच्या काळात नागपाड्याला जाऊन बास्केटबॉल खेळायचा, आणि मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की नागपाडा, तिथली पोरं काय लेव्हलची असतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय. म्हणजे आमच्या या साहेबांना गेम कळत नव्हता असं अजिबात नाही. पिक अँड रोलवर कोण स्विच करतोय, कोणाचे पाय थकलेत, हे तो टीव्हीवर बघून रिप्लेच्या आधी सांगायचा. मला तर वाटतं तिथेच सगळा लोचा झाला, कारण ज्याला गेम कळतो त्याला वाटतं आपल्याला भाव पण कळतो.

तर २०१६ ची एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल, वॉरियर्स विरुद्ध कॅव्हलियर्स, आधी चार मॅच जिंकेल त्याची ट्रॉफी, आणि ही सातवी, शेवटची मॅच. तिकडे अमेरिकेत ओकलंडला, म्हणजे वॉरियर्सच्या घरी, १९ जूनची रविवार संध्याकाळ, आपल्याकडे २० जून, सोमवार पहाटेचे साडेपाच. लालबागला मावशीच्या घरी आम्ही दोघं सोनी सिक्स लावून बसलो होतो, आवाज एकदम बारीक कारण काका नाईट करून येऊन आतल्या खोलीत झोपलेले. बाहेर पाऊस.

त्याने मला मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी सांगितलं की वॉरियर्सवर ४० हजार लावलेत. मी म्हटलं किती? तो म्हणाला चाळीस, हळू बोल ना दादा. बाइकसाठी साठवलेले एकूण ८० हजार होते त्याच्याकडे, त्यातले अर्धे. आणि वर १० हजार टोटलवर, म्हणजे दोन्ही टीमचे मिळून २०५ च्या वर पॉईंट होणार यावर.

पैसे लावायला सट्ट्याच्या साईटचा आयडी लागतो, तो कुठून आला, तर ओळखीच्याच्या ओळखीतून. एक माणूस असतो, तो तुम्हाला साईटचा आयडी देतो, आधी पैसे भरायला लागत नाहीत, हिशेब सोमवारी संध्याकाळी रोखीत. हे सगळं बेकायदेशीर आहे हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडे जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, महालक्ष्मीच्या घोड्यांना त्यातून सूट पण बास्केटबॉलला नाही. गंमत म्हणजे तेव्हा खुद्द अमेरिकेत पण मॅचवर रीतसर पैसे लावायला जवळजवळ फक्त नेवाडातच परवानगी होती, बाकी राज्यांना रस्ता मोकळा झाला तो मे २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. आपल्याकडे उलटं, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन गेम्सवर सरळ बंदीचाच कायदा आणला. असो. बेकायदेशीर असल्याचा प्रॅक्टिकल अर्थ एवढाच की काही गडबड झाली तर कोणाकडे जाणार, कोणाकडेच नाही.

आता भाव. वॉरियर्सचा भाव होता ५० पैसे. ज्यांना ही भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी: रुपया लावला आणि टीम जिंकली तर तुमचा रुपया परत आणि वर पन्नास पैसे. म्हणजे ४० हजारावर जिंकले तर २० हजार, हरले तर ४० हजार गेले. लगेच एक छोटं गणित, कारण सगळं प्रकरण याच्यावरच फिरतंय. तुमचं ना नफा ना तोटा व्हायला या भावात वॉरियर्स तीनातून दोन वेळा जिंकायला पाहिजेत, म्हणजे ६६.७ टक्के. त्याच्या खाली असेल तर तुम्ही बुकीला दान देताय. त्यामुळे वॉरियर्स जिंकतील का हा प्रश्नच नव्हता, बहुतेक जिंकतील हे शेंबडं पोरगं पण सांगत होतं. प्रश्न होता ६७ टक्क्यांच्या वर आहेत का.

आणि हा प्रश्न माझ्या भावाने स्वतःला विचारलाच नाही. मी पण नाही विचारला तेव्हा, खोटं कशाला बोलू.

त्याच्याकडे काय होतं तर तीन आकडे होते, आणि तिन्ही खरे होते. एक, वॉरियर्स त्या सीझनला ७३ जिंकून ९ हरलेले, इतिहासातला सगळ्यात भारी रेकॉर्ड, आणि घरच्या मैदानावर ३९ जिंकून फक्त २ हरलेले. दोन, फायनलची सातवी मॅच त्याआधी १८ वेळा झालेली आणि त्यातल्या १५ वेळा घरची टीम जिंकलेली. तीन, त्याचा लाडका आकडा, फायनलमध्ये ३-१ ने मागे पडलेल्या ३२ टीम्स आणि त्यातली एकही कधी जिंकलेली नाही. बत्तीसपैकी शून्य. हे बोलताना त्याने हवेत शून्य काढून दाखवलं होतं मला.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण तो सगळ्यात जास्त फसवणारा आहे. बत्तीसपैकी शून्य हे ३-१ असताना कामाचं होतं. पण त्या सकाळी स्कोअर ३-१ नव्हता, ३-३ होता! कॅव्हलियर्सनी पाचवी आणि सहावी मारलेली, अवघड होतं ते काम त्यांचं करून झालेलं. त्या बत्तीसातल्या बहुतेक टीम्स सातव्या मॅचपर्यंत पोचल्याच नव्हत्या. पोचल्या होत्या फक्त दोन, १९५१ चे निक्स आणि १९६६ चे लेकर्स. दोन्ही हरल्या, पण कशा, निक्स ४ पॉईंटने आणि लेकर्स २ पॉईंटने. म्हणजे ज्या आकड्यावर हा चाळीस हजार लावत होता तो खरं तर दोनपैकी शून्य होता, आणि ते दोन्ही काठावरचे. दोन मॅचेसवरून तुम्ही काय ठरवणार, नाक्यावरच्या चहावाल्याने दोनदा सुट्टे दिले नाहीत म्हणून कोणी सिद्धांत मांडत नाही ना.

अठरापैकी पंधरा याचं पण तसंच, जरा कमी. ८३ टक्के ऐकायला भारी वाटतं, पण त्यात कुठल्या कुठल्या काळातल्या टीम्स एकत्र घातल्यात, आणि सातवी मॅच घरी मिळते तीच मुळात सीझनभर चांगली खेळलेल्या टीमला, त्यामुळे त्या ८३ मध्ये घरच्या मैदानाचा किती आणि टीम भारी असण्याचा किती हे सुटं करताच येत नाही.

राहिला ७३-९. हा आकडा खरा दमदार, पण तो ज्या टीमचा होता ती टीम त्या सकाळी पूर्ण नव्हती. बोगट पाचव्या मॅचमध्ये गुडघा दुखावून बाहेर गेलेला, इग्वोडालाची पाठ सहाव्या मॅचमध्ये धरलेली, हे सगळं जगजाहीर होतं. पाचवी मॅच तर ड्रेमंड ग्रीनशिवाय खेळले, चौथ्या मॅचमध्ये कॅव्हलियर्सच्या लेब्रॉनशी जे झालं त्याचा फ्लॅग्रंट पॉईंट (गंभीर फाउलबद्दलचा दंडाचा गुण) चढला आणि लीगने एक मॅच बाहेर बसवलं. भावाचं म्हणणं, ग्रीन नव्हता म्हणून पाचवी हरले. बरोबर, पण सहावीत ग्रीन होता की, तरी १४ ने हरले. त्याला विचारलं तर म्हणाला ती क्लीव्हलंडला होती दादा. प्रत्येक हरलेल्या मॅचला एक कारण आणि प्रत्येक जिंकलेली मॅच म्हणजे असली वॉरियर्स, असं चाललेलं.

मग मी ते नंतर, म्हणजे दोनेक आठवड्यांनी, वहीवर मांडून बघितलं. सहा मॅचेसचे स्कोअर घ्या. वॉरियर्स १०४, ११०, ९०, १०८, ९७, १०१. कॅव्हलियर्स ८९, ७७, १२०, ९७, ११२, ११५. बेरीज करा. दोन्हीकडे ६१०. मला पहिल्यांदा वाटलं माझंच चुकलं म्हणून परत केली, तर परत ६१०. आणि तीन मॅचेस इकडे तीन तिकडे झालेल्या, म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा दोघांना सारखाच मिळालेला. या सिरीजपुरतं बघायचं तर दोन टीममध्ये तसूभर फरक नव्हता.

त्यावर सातवी ओकलंडला, तर घरचे म्हणून तेव्हा साधारण ३ पॉईंट धरायचे. ७३-९ साठी अजून दोनेक द्या, बोगट नाही आणि इग्वोडाला अर्धा, म्हणून एक काढा. माझ्या हिशेबाने वॉरियर्स ४ पॉईंटने पुढे. बाजाराने ५ च्या आसपास दिलेले. एनबीएच्या मॅचमध्ये अंदाज आणि खरा निकाल यात १२ पॉईंटचा हेलकावा सहज असतो (हे स्टँडर्ड डेव्हिएशन, शाळेत शिकलेलं असतं पण तेव्हा कोणी सट्ट्याचं उदाहरण देत नाही). ४ पॉईंटने पुढे असलेली टीम १२ च्या हेलकाव्यात साधारण ६३ टक्के वेळा जिंकते, ५ ने पुढे असलेली ६६ टक्के. आणि भाव मागत होता ६६.७. म्हणजे बाजाराचाच अंदाज खरा धरला तरी हातात काही उरत नव्हतं, माझा धरला तर ४० हजारावर सरासरी २२०० रुपये तोटा. भावात काहीच नव्हतं राव. बुकी लोक येडे नसतात, ७३-९ त्यांनी पण वाचलेलं असतं, ते आधीच भावात घालून तुम्हाला विकतात.

किती लावले यावर पण बोललं पाहिजे. १९५६ मध्ये बेल लॅब्समधल्या जॉन केली नावाच्या माणसाने एक सूत्र दिलेलं, की आपल्याकडच्या पैशातला किती हिस्सा लावावा. जिंकायची शक्यता घ्यायची, त्यातून हरायची शक्यता भागिले भाव हे वजा करायचं, झालं. ८३ टक्के खरं मानलं तर ०.८३ वजा ०.१७ भागिले ०.५, उत्तर ०.४९. म्हणजे अर्धे पैसे लावा! माझ्या भावाने केलीचं नाव पण ऐकलेलं नव्हतं पण नेमके अर्धेच लावलेले, हे बघून माझ्या अंगावर काटा आला होता. म्हणजे त्याचं मन आतल्या आत गणित बरोबर करत होतं, फक्त घातलेला आकडा चुकीचा होता. त्याच सूत्रात ६३ टक्के घाला, उत्तर शून्याच्या खाली जातं. म्हणजे हात लावू नका.

आता टोटलवरचे १० हजार. त्याला वाटलं हा वेगळा सौदा आहे, एक बुडला तर दुसरा वाचवेल. पण डोक्यातली गोष्ट एकच होती ना, वॉरियर्स धावणार, त्यांचा करी थ्री (लांबून तीन पॉईंटचा शॉट) मारणार, १२० करणार. एकाच गोष्टीवर दोनदा पैसे. आणि सातव्या मॅचमध्ये गेम हळू होतो हे नागपाड्याला खेळलेल्या माणसाला मी सांगायला पाहिजे होतं का? फायनल असली की तिथे पण कोणी फास्ट ब्रेकला सोपी बास्केट देत नाही, अंगावर येतात, मेन खेळाडू बेंचवर बसत नाहीत, पाय जड होतात, शॉट छोटे पडतात. लेब्रॉन त्या दिवशी ४८ पैकी जवळपास ४७ मिनिटं खेळला.

मॅच. पहिला हाफ ४९-४२ वॉरियर्स. ग्रीनचे एकट्याचे २२. भाऊ खुश, स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवून आला. मावशी उठली, म्हणाली काय रे एवढ्या सकाळी, कोण जिंकतंय? तो म्हणाला आपले. आपले!

मला ते तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, की करी आणि थॉम्पसन चालत नव्हते आणि ज्याच्याकडून एवढी शूटिंग अपेक्षित नाही तो ग्रीन टीमला ओढत होता. पण मी मनातून कॅव्हलियर्सचा, लेब्रॉनचा फॅन, आमच्या दोघांत हरणाऱ्याने मिसळ द्यायची एवढीच पैज, त्यामुळे मी तोंड बारीक करून बसलेलो.

हाफटाइमला भाव उतरून २० पैशावर आला. इथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. त्याने केली ती पहिली, अजून १५ हजार वॉरियर्सवर, म्हणजे ३ हजार कमवायला १५ हजार. खरं सांगायचं तर हा भाव तसा वाईट नव्हता, २० पैशाला ८३ टक्के लागतात आणि घरी ७ ने पुढे असलेल्या टीमचं तेवढं सहज होतं. नुसता भाव बघितला तर सकाळच्या तिन्ही सौद्यांतला हा सगळ्यात बरा, आणि हाच त्याने सगळ्यात कमी विचार करून केला, चहा ढवळता ढवळता.

दुसरी गोष्ट म्हणजे खाणे, म्हणजे बुकीसारखं उलट बाजूला बसणे. तेच वॉरियर्स २० पैशाने ५० हजाराला खाऊन टाकायचे. वॉरियर्स जिंकले तर सकाळचे २० हजार मिळाले आणि खाल्लेल्यावर १० हजार दिले, हातात १० हजार. हरले तर ४० हजार गेले आणि ५० हजार आले, हातात तेच १० हजार. भावातला एखाद पैशाचा फरक आणि टोटलचे १० हजार सोडा, पण कोणीही जिंको, साडेसहा-पावणेसातला तो दहा हजार घेऊन उठू शकत होता. मी म्हटलं पण, की थोडं खाऊन घे ना. तर म्हणतो, दादा, जिंकतोय तेव्हा कोण खातं. ज्याचे अर्धे पैसे आत अडकलेत त्याने खायला पाहिजे होतं, असं माझं मत तेव्हाही होतं, फक्त मी ते एकदाच बोललो.

तिसऱ्या क्वार्टरला ७६-७५ वॉरियर्स. चौथ्यामध्ये मग ते झालं जे सगळ्यांनी नंतर शंभरदा बघितलंय. वॉरियर्सच्या एझेलीने लेब्रॉनला थ्रीवर फाउल केलं, तीन फ्री थ्रो. मग त्याच एझेलीच्या डोक्यावरून थ्री. थॉम्पसनने ८९-८९ केलं तेव्हा ४ मिनिटं ३९ सेकंद बाकी होते. आणि तिथून वॉरियर्सचा एक पॉईंट झाला नाही. एक पण नाही! तोपर्यंत सिरीजची बेरीज बघा, दोन्हीकडे ६९९. सात मॅचेस खेळून काटा मधोमध. जवळपास चार मिनिटं दोघंही नुसते चुकवत होते, भाऊ पलंगाच्या कडेवर, हातात उशी. इग्वोडाला एकटा सुटला, सोपा लेअप, १ मिनिट ५० सेकंद बाकी, आणि मागून लेब्रॉनने येऊन तो बोर्डवर दाबला. भाऊ काही बोलला नाही. ५३ सेकंद असताना कॅव्हलियर्सच्या कायरीने करीच्या तोंडावर थ्री टाकला. शेवटी लेब्रॉनचा एक फ्री थ्रो. ९३-८९.

टोटल १८२. पहिल्या हाफला ९१ आणि दुसऱ्या हाफला बरोबर ९१. शेवटच्या क्वार्टरला दोघांचे मिळून ३१. म्हणजे २०५ वाला सौदा कधी जवळपास पण आला नव्हता, फक्त हाफटाइमला वॉरियर्स पुढे होते म्हणून तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. करी आणि थॉम्पसनने मिळून ३६ शॉट मारले, १२ गेले. ग्रीन एकटाच, ३२ पॉईंट, १५ रिबाउंड, ९ असिस्ट, आणि त्याची टीम हरली.

आतून काका उठून आले, म्हणाले काय झालं, हरले का तुझे? आणि दाढी करायला गेले.

यावर आमच्यात नंतर जी चर्चा व्हायची ती नेहमी कायरीच्या शॉटवर अडायची. तो शॉट गेला नसता तर. खरंय, नसता गेला तर वॉरियर्स कदाचित जिंकले असते, मावसभावाने २३ हजार घेतले असते, टोटलचे १० गेले असते, १३ हजार फायदा. आणि मग हे सगळं मी कधी वहीवर मांडलंच नसतं, तो पुढच्या फायनलला पूर्ण ८० लावून मोकळा झाला असता, बत्तीसपैकी शून्य हा आकडा छातीवर बिल्ल्यासारखा मिरवला असता. पण तो शॉट जाण्याआधीच, पहाटे साडेपाचला, सौदा वाईट होता, आणि शॉट गेला नसता तरी तेवढाच वाईट राहिला असता. हे त्याला पटायला फार वेळ लागला. मला पण पटायला लागला, कारण मी जिंकलेलो होतो. लेब्रॉन आवडतो या एका कारणावर मी मिसळ जिंकली आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो की मला माहीतच होतं. काय माहीत होतं, घंटा.

आतल्या बातमीचं पण एक सांगतो, कारण सगळ्या पंटर लोकांना वाटतं आपल्याकडे बातमी आहे. भावाला त्या आयडीवाल्याने सांगितलेलं की इग्वोडाला फिट आहे, पक्की खबर. अरे, जगातली पक्की खबर लालबागला पोचेपर्यंत ती भावात कधीच शिरलेली असते. ज्यांच्याकडे खरी आतली बातमी असते ते आत असतात, जसा टिम डॉनागी, एनबीएचा रेफरीच होता, २००७ मध्ये पकडला गेला, किंवा जाँटे पोर्टर, खेळाडू, ज्याला एप्रिल २०२४ मध्ये लीगने कायमचं बाहेर काढलं. त्यांच्यासमोर आपण आयडी घेऊन उभे.

संध्याकाळी साडेसातला तो आयडीवाला माणूस आला, ॲक्टिव्हावरून, रेनकोट घालून. ६५ हजार. भावाने दुपारी बँकेतून काढून आणले होते, एका कपड्याच्या दुकानाच्या पिशवीत. त्या माणसाने बिल्डिंगच्या जिन्याखाली उभं राहून मोजले, ओल्या बोटांनी, एक पाचशेची जरा फाटकी होती ती बदलून मागितली. अजिबात वाईट बोलला नाही, उलट म्हणाला बॅड लक भाऊ, पूर्ण मॅच तुमच्याच बाजूने होती. मग रेनकोटची चेन लावता लावता म्हणाला, नवीन सीझन ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो, आयडी चालू ठेवतो तुमचा, लिमिट पण वाढवून देतो.

भाऊ हो म्हणाला.